डॉक्टर तिस्नेला माफी

डॉक्टर तिस्नेला माफ करण्याचा निर्णय माझा नव्हता. माझ्या हातात असते तर त्या काळ्या झग्यातल्या लफंग्याला मी त्याच्याच भट्टीत बसवून बाहेरून कडी घातली असती. एकामागून एक चित्रपटांत त्याने शहरे जाळली, नद्या काळ्या केल्या, शाळेची बस मुलांसकट ढगाला टांगली. आणि कार्टून कंपनीने पाठवलेल्या या नव्या चित्रपटात काय, तर त्याच्या भट्टीतून उडालेल्या एका ठिणगीची मुलगी होते, ती त्याला ‘बाबा’ म्हणते, त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि सगळे शहर टाळ्या वाजवते. जळालेल्या घरांचे काय झाले, हे कोणी विचारत नाही. ज्याने ही कथा लिहिली त्याला कोणी कधी टाकून गेलेले नसावे.

परदेशी कार्टूनच्या तोंडात आमची भाषा घालणे हा माझा धंदा. रेडिओवरच्या नाटकांतून मी इकडे आले आणि पोर्तालेस वस्तीतल्या या स्टुडिओत दिग्दर्शिकेच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची अजून कोणी मागितलेली नाही. माझ्या स्टुडिओचे नियम जुने आहेत. बांगड्या आणि घड्याळे बाहेर ठेवायची. सळसळणारे कापड घालायचे नाही. माइकसमोर जाण्यापूर्वी प्रत्येकाने एक पाव खायचा, कारण रिकाम्या पोटाची गुरगुर माइक सर्वांत आधी टिपतो. आणि आत कोणी कोणाचे काही लागत नाही. माझा पोटचा मुलगासुद्धा तिथे मला ‘दोन्या कासिल्दा’, म्हणजे कासिल्दाबाई, म्हणतो आणि ‘तुम्ही’ म्हणतो.

हा मुलगा लेओबार्दो. डॉक्टर तिस्नेचा आवाज तो त्याचाच. तिस्ने म्हणजे काजळी. आणि खरोखरच काजळी धरलेल्या धुराड्यातून यावा तसा तो आवाज आहे. टाकोच्या गाडीवर उभा राहिला की लोक त्याला ते हसू हसायला लावतात आणि पैसे घेत नाहीत. पोरे भिऊन आयांच्या मागे लपतात आणि पुन्हा डोकावतात. माझ्या मुलाला याची चटक लागली. ती इतकी लागली की घरी बायको ‘मीठ दे’ म्हणाली तर तो तिस्नेच्या आवाजात उत्तर द्यायचा.

अंपारोला आणि तीन वर्षांच्या अब्रिलला टाकून तो गेला, तेव्हा मी त्याच्याकडून घराची किल्ली परत मागून घेतली. सून राहिली, मुलगा गेला. शेजारणींना हे उलटे वाटले. त्यांतली एक मला सांगायला आली की रक्त ते रक्त. मी तिला जिन्यापर्यंत पोचवले आणि पुन्हा न येण्याची विनंती केली.

त्यानंतर तो अब्रिलला फोनवर आवाज पाठवीत असे. वाढदिवसाला, जानेवारीत मुलांना भेटी मिळतात त्या तीन राजांच्या सणाला, कधी शाळा सुरू होताना. पण तो आवाज त्याचा नसे.

‘‘हा हा हाऽऽ! ए चिमुकल्या मानवा! आज तुझा केक मी कोळशाचा करणार!’’

मुलगी सुरुवातीला हसली. नंतर नुसती ऐकू लागली. नंतर फोन पालथा ठेवू लागली. ती उत्तर म्हणून लांबलचक काहीबाही बोलून पाठवी: दात पडल्याचे, कुत्र्याला पिल्ले झाल्याचे, बाईंनी वर्गाबाहेर काढल्याचे. ऐकले की फोनवर खूण उमटते. ती खूण कधी उमटली नाही. ज्याचे पोट आवाजावर चालते त्या माणसाने स्वतःच्या मुलीचा आवाज वर्षानुवर्षे न ऐकता ठेवून दिला, हे मी येथे मुद्दाम लिहीत आहे. मला त्याची चीड आहे आणि ती मी लपवणार नाही.

तर तिस्नेच्या या ठिणगीला, चिस्पाला, आवाज हवा होता. कंपनीकडे आम्ही मुलांचे नमुने नावांशिवाय पाठवले. कंपनीने जो निवडला तो अब्रिलचा होता. ती आता दहा वर्षांची आहे. तिचा नमुना इतरांच्या नमुन्यांत ठेवला, एवढेच मी तिच्यासाठी केले.

पहिल्या दिवशी काम संपल्यावर तिने विचारले, ‘‘आजी, चिस्पा मी आहे हे बाबांना माहितीये?’’

‘‘नाही.’’

‘‘मग सांगू नकोस हं. त्यांना ओळखू येईल.’’

‘‘आणि नाही आलं तर?’’

‘‘आजी, असं कसं? हेडफोनमध्ये किती जवळून ऐकू येतं!’’

हल्ली सगळे वेगवेगळे बोलतात. आमच्या काळी एका उतरत्या मेजाभोवती अख्खा प्रसंग उभा राहायचा. आता एकेकाला एकटे कोंडून त्याचे तुकडे घेतात आणि नंतर यंत्रावर जोडतात. चिस्पाची सगळी वाक्ये आधी झाली. बापाने ती कानात ऐकून आपली वाक्ये बोलायची होती. त्या दिवशी अब्रिलला काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी बसायचे होते. काचेच्या अलीकडे अंधार असतो. आतल्याला आम्ही दिसत नाही. तो ओळखेल तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, एवढेच तिला पाहायचे होते. त्यासाठी तिने केसांना नवी रिबीन बांधली होती. अंधारात कोणाला दिसणार होती ती?

लेओबार्दो नेहमीसारखा उशिरा आला, काळा चष्मा लावून.

‘‘काय एराक्लिओ, अजून जिवंत?’’

एराक्लिओ आमचा ध्वनियंत्र सांभाळणारा. माझ्याइतकाच जुना आणि माझ्यापेक्षा हट्टी.

‘‘तुझी वाट बघता बघता मेलो होतो. पाव खा आणि आत जा.’’

‘‘मी जेवून आलोय.’’

‘‘दोन्या कासिल्दा बघतायत.’’

त्याने पाव खाल्ला.

पहिले तुकडे तिस्ने एकटाच गरजण्याचे होते. ते त्याने असे केले की माझ्या हातावर काटा आला. कामात खोट काढण्याची संधी तो मला देत नाही, आणि याचाही मला राग येतो. दुसऱ्यांदा बोलायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते, आणि तिसऱ्यांदा तो बोलत नाही. हेडफोन काढून सिगारेट ओढायला निघून जातो. सगळे शहर त्याला याबद्दल नावाजते.

मग चिस्पाचा तुकडा आला. पडद्यावर ती एवढीशी केशरी पोर राखेत उभी होती. ‘बाबा,’ ती त्याच्या कानात म्हणाली, ‘मी ठिणगी आहे ना? मग तुम्ही जाळायला लागलात की मला थंडी का वाजते?’

अब्रिल स्टुलाच्या टोकावर सरकली.

तिस्नेने उत्तर दिले. ओठ चुकले, म्हणजे शब्द पडद्यावरच्या ओठांशी जुळले नाहीत. पुन्हा घेतले. पुन्हा चुकले. लेओबार्दोने हेडफोन एका कानावरून मागे सारला.

‘‘थांबवा, थांबवा. दोन्या कासिल्दा, ही पोर कुठून आणलीत?’’

मी आत बोलण्याच्या बटणावरचा हात काढून घेतला.

‘‘वाक्याआधी श्वास घेते तो घोड्यासारखा. शब्द ओढते. मला तालच सापडत नाहीये हिच्यामुळे. नाकात बोलते वर. बदला हिला. टीव्हीवरच्या त्या जाहिरातीतली मुलगी आणा, ती गोड बोलते.’’

एराक्लिओचे हात यंत्रावर होते तेथेच राहिले. मी अब्रिलकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिला रडावे लागले असते. मला फक्त तिच्या चपलेची टाच स्टुलाच्या दांड्यावर आपटताना ऐकू येत होती. मग ती थांबली, आणि एक छोटा हात माझ्या पुढ्यातून गेला व आत बोलण्याचे बटण त्याने दाबले.

‘‘तिला बदलू नका,’’ अब्रिल म्हणाली. ‘‘ती बरोबर बोलते. तुम्हीच आधी घुसताय. तिचं तोंड मिटायच्या आत.’’

लेओबार्दो हसला. ‘‘ही कोण आणखी?’’

मी काचेच्या अलीकडचा दिवा लावला.

त्याने चष्मा काढला. बघत राहिला. त्याला दिसत होते ते सारे मलाही दिसत होते: शाळेचा स्वेटर, नवी रिबीन, बटणावरून अजून न उचललेले बोट. एखाद्या दगडालाही कळले असते की आता काय बोलायचे. नाव घ्यायचे होते. तीन अक्षरांचे नाव. माझ्या मुलाने तोंड उघडले, छाती फुगवली आणि त्या काजळी धरलेल्या धुराड्यातून आवाज काढला:

‘‘हा हा हाऽऽ! अरे, ही तर माझी चिमुकली ठिणगी! मला फसवलंस, मानवा!’’

अब्रिलने बोट उचलले. स्टुलावरून उतरली, आपले दप्तर घेतले आणि बाहेर गेली. दार तिने आपटले नाही. माझ्या स्टुडिओत कोणी दार आपटत नाही, हे तिला शिकवलेले आहे.

काम चालू असताना दिग्दर्शिकेने आत पाऊल टाकायचे नसते. मी टाकले.

‘‘एकदा,’’ मी म्हणाले, ‘‘फक्त एकदा तुझ्या स्वतःच्या तोंडाने तिच्याशी बोलला असतास!’’

‘‘मला काय माहीत ती इथे...’’

‘‘तुला माहीत नव्हतं हाच गुन्हा आहे! तुझ्या दोन्ही कानांत बसून ती तुला बाबा म्हणत होती. घोडा म्हणालास तू तिला.’’

‘‘आवाज बदललाय तिचा. मोठी झालीये.’’

‘‘मुलं मोठी होतात, लेओबार्दो. ती तुझ्यासाठी थांबणार होती काय?’’

तो मेजाला धरून उभा होता. घाम आला होता त्याला. ‘‘मी काय बोलू तिच्याशी? सांगा ना. माझ्या आवाजात काय आहे? मी दुकानात जाऊन दूध मागितलं तर दुकानदार मान वर करत नाही. तिस्नेसारखा बोललो की रस्ता थांबतो. तिला आवडायचा तिस्ने. हसायची ती.’’

‘‘तीन वर्षांची असताना हसायची. आणि तिला दूध मागणारा माणूसच हवा होता, मूर्खा. रस्ता थांबवणारा नको होता.’’

‘‘आई...’’

‘‘इथे तुझी आई नाही. ती असती तर तू एवढा वेळ उभा राहिला नसतास. उद्यापासून तिस्ने मी दुसऱ्याला देते.’’

यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. आणि मला आणखी संताप आला, कारण मुलगी बाहेर गेली तेव्हा तो इतका उतरला नव्हता.

‘‘असं नाही करता येणार तुम्हाला. देशभरातली मुलं हा आवाज ओळखतात.’’

‘‘मुलांना नव्या आवाजाची सवय होते. मुलांना सगळ्याची सवय होते. हे तुला कोणी सांगायला नको.’’

घरी गेले तर अंपारो निवडुंगाच्या पानांवरचे काटे सोलत होती. अब्रिलने तिला सगळे सांगितले होते. सुरी ज्या वेगाने चालली होती त्यावरून मला ते कळले.

‘‘दोन्या कासिल्दा,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरात राहते, तुमच्या पंक्तीला जेवते, आजवर तुमच्यापुढे आवाज चढवला नाही. आज चढवणार आहे. मध्ये बोलू नका.’’

मी बसले आणि ती बोलली. माझ्या मुलाबद्दल जे बोलली ते सारे खरे होते. माझ्याबद्दल जे बोलली ते मला पटले नाही, पण तिने नीट वाक्यांत मांडले. शेवटी ती म्हणाली, ‘‘उद्या पोरगी तिथे पाय ठेवणार नाही.’’

‘‘ठेवणार,’’ दारातून अब्रिल म्हणाली.

‘‘तू आत जा.’’

‘‘मी चिस्पा आहे. बाबांचा माझ्याबरोबरचा शेवटचा प्रसंग राहिलाय.’’ ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रिबीन तिने काढली होती. ‘‘आजी, दिवा लावल्यावर ओळखलं त्यांनी. ते ओळखणं नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मला शेवटचा प्रसंग त्यांच्याबरोबर करायचाय. तुझ्या वेळेसारखा. एका मेजाशी. बोलताना त्यांचं तोंड बघायचंय मला. तिस्नेचं नाही, त्यांचं.’’

‘‘मी त्याला काढून टाकणार आहे.’’

‘‘तू नको काढूस. काढायचं तर मी काढीन.’’

अंपारोने माझ्याकडे पाहिले. आम्हा दोघींना एकाच वेळी हे लक्षात आले की या मुलीला आम्ही दोघींनी वाढवले आहे आणि आता तक्रारीला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत गेले तर एराक्लिओ माझ्या नजरेला नजर देईना.

‘‘काय केलंस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘एराक्लिओ.’’

‘‘काल तुम्ही गेल्यावर लेओबार्दो परत आला. म्हणाला, पोरीचं सगळं लाव.’’

‘‘माझ्या परवानगीशिवाय?’’

‘‘तुमच्या परवानगीशिवाय. काय करायचं ते करा.’’ त्याने हात झटकले. ‘‘सगळं लावलं. नुसती वाक्यं नाहीत. मधला कचरासुद्धा.’’

मधला कचरा म्हणजे दोन तुकड्यांमधले बोलणे. यंत्र चालूच राहते आणि मुले बडबडतात. एराक्लिओ ते कधीच पुसत नाही, कारण कधीकधी त्यातला एखादा श्वास किंवा उसासा कामी येतो. अब्रिल तर मेजाशी उभी राहिली की तोंड मिटत नाही. तिथे सगळे होते: बाईंनी चौथ्यांदा करायला लावलेला भागाकार, कुत्र्याच्या पिल्लांची नावे, आईचे पाय संध्याकाळी सुजतात ते, आणि बाबा येतील तेव्हा ते कुठे उभे राहतील.

‘‘बसून ऐकलं?’’

‘‘जमिनीवर बसून. मी जेवून आलो तरी ऐकतच होता. सिगारेट प्यायला उठला नाही. काही म्हणाला नाही, दोन्या. फक्त एका ठिकाणी म्हणाला, मागे घे.’’

‘‘कुठे?’’

‘‘ते त्यालाच विचारा.’’

मी विचारले नाही. एराक्लिओला मात्र जे सांगायचे ते सांगितले, आणि तेही ऐकून घेण्याची त्याला सवय आहे. मुलीने घातलेली एका मेजाची अटही सांगितली आणि लेओबार्दोला बोलावून घ्यायला लावले. त्याने मुकाट्याने तळघरातून जुने रुंद मेज वर आणले.

अब्रिलसाठी मेजाशी लाकडी खोका ठेवला होता. लेओबार्दो वेळेआधी आला होता आणि त्याच्या हातात अर्धा पाव होता. अंपारो कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी राहिली. तिला तिथे उभे राहण्याचा काही अधिकार नव्हता. तो मी तिला दिला.

बाप आणि मुलगी शेजारी शेजारी उभी राहिली. लेओबार्दोने उरलेला पाव संपवला.

मग माझ्या मुलाने घसा साफ केला. जो आवाज निघाला तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. साधा, किंचित बसका, कुठल्याही बसमध्ये ऐकू येईल असा.

‘‘तो भागाकार... बाईंनी मग पाचव्यांदा करायला लावला का?’’

अब्रिलने मान वळवली. ‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘ऐकला.’’

‘‘काय काय ऐकलंत?’’

‘‘सगळं.’’

ती थोडा वेळ आठवत राहिली, आणि तिचे कान लाल झाले. ‘‘मी तुम्हाला गाढव म्हणाले होते ते पण?’’

‘‘ते मागे घेऊन दोनदा ऐकलं.’’

‘‘मग?’’

‘‘श्वास बरोबर होता. शब्द ओढला नव्हतास.’’

ती हसली नाही. तिला हसू आले होते, पण तिने ते त्याला दिले नाही, आणि मला तिचा अभिमान वाटला. ‘‘फोनवर पाठवलेलं का नाही ऐकलंत?’’

कोपऱ्यातून अंपारोचा श्वास मला ऐकू आला. लेओबार्दोने वर छताकडे पाहिले, खाली पाहिले.

‘‘लाज वाटायची,’’ तो म्हणाला. ‘‘एक नाही ऐकलं. मग दुसऱ्याच्या वेळी पहिलं राहिलेलं असायचं. मग खूप झाले. माझं कारण एवढंच आहे. चांगलं नाहीये.’’

‘‘नाहीच,’’ अब्रिल म्हणाली. ‘‘पडद्याकडे बघा आता. आजी चिडेल.’’

‘‘आजी चिडलेलीच आहे,’’ मी बटण दाबून म्हणाले. ‘‘सुरू करा.’’

शेवटच्या प्रसंगात चिस्पा पुन्हा तेच विचारते, थंडी का वाजते, आणि तिस्ने भट्टी विझवतो. कंपनीच्या संहितेत त्याचे वाक्य होते: ‘हे माझ्या ठिणगी, तुझ्यासाठी मी साऱ्या जगाचे साम्राज्य झुगारले!’ हे वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यात तिडीक होती. झुगारले म्हणे. जे आपले कधी नव्हतेच ते झुगारून मुलीवर उपकार चढवायचे!

त्याने ते तिस्नेच्या आवाजात बोलून दाखवले. एक हुंदका घातला, शेवटी आवाज फाटला. उत्तम होते. कोणीही टाळ्या वाजवल्या असत्या.

‘‘पुन्हा,’’ मी म्हणाले.

‘‘ओठ बरोबर होते, दोन्या कासिल्दा.’’

‘‘ओठ बरोबर होते. माणूस खोटा होता. पुन्हा.’’

त्याने पुन्हा केले. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा त्याचा हात हेडफोनकडे गेला. सगळ्यांना ठाऊक होते की आता काय होते. अब्रिललाही ठाऊक होते. ती त्याच्या हाताकडेच बघत होती. नुसती बघत होती, दार कुठल्या बाजूला आहे हे जाणणाऱ्या माणसासारखी.

त्याने हेडफोन काढला नाही. नीट बसवला. मग एक पाऊल मागे झाला, खोक्यावर उभी असलेली मुलगी माइकच्या अगदी समोर येईल असा, आणि तिला म्हणाला, ‘‘तू आधी बोल. तुझं संपलं की मी.’’

‘‘माझं वाक्य तर आधीच घेतलंय.’’

‘‘मला परत हवंय. इथून.’’

ती बोलली. थंडी का वाजते, ते. तिचे तोंड पूर्ण मिटेपर्यंत तो थांबला. त्याची वेळ निघून गेली. पडद्यावर तिस्नेचे ओठ केव्हाच हलू लागले होते. तेव्हा तो तिच्याकडे बघत, त्या बसमधल्या आवाजात म्हणाला,

‘‘माझं चुकलं. तू बोल, मी ऐकतोय.’’

संहितेत असे काही नव्हते. ओठ चुकले होते. आवाज तिस्नेचा नव्हता. माझ्या आजवरच्या कामात इतका वाईट तुकडा कोणी मला दिलेला नाही. एराक्लिओ डोळे पुसत होता आणि त्याचा मला भयंकर राग आला.

‘‘पुन्हा,’’ मी म्हणाले. ‘‘हेच वाक्य. पण ओठांवर.’’

आणि मग आम्ही बसलो ते बसलोच. ते वाक्य त्या ओठांवर बसेना. तिस्नेचे तोंड मोठ्या गर्जनेसाठी काढलेले होते आणि याचे शब्द लहान. तो बोलला, चुकला. पुन्हा बोलला. अब्रिल त्याला बोटाने खूण देऊ लागली, कुठे तोंड उघडते ते. ‘‘अहो, आत्ता! नाही, गेलं.’’ ‘‘तू जरा आधी सांग ना.’’ ‘‘आधीच सांगते मी, तुम्ही माझ्याकडे बघत बसता!’’ दुपारचे जेवण टळले. त्याचा घसा बसला. ‘माझं चुकलं’ हे शब्द त्याने इतक्या वेळा म्हटले की त्यांतला सगळा अभिनय झिजून गेला आणि उरले ते नुसते म्हणणे. मी एकदाही मऊ झाले नाही. अंपारो मात्र केव्हातरी कोपऱ्यातून निघून खुर्चीवर बसली होती.

शेवटी ते बसले. मी म्हणाले, ‘‘ठेवा.’’

कंपनीचा फोन आला तो अपेक्षेप्रमाणेच. आवाज वेगळा आहे, वाक्य वेगळे आहे, तिस्ने इतका साधा कसा बोलतो, मुलांना भव्य शेवट लागतो. मी त्यांना सांगितले की जळालेली घरे चित्रपटात कोणी बांधून देणार नसेल, तर निदान जाळणाऱ्याने भाषण तरी करू नये. आणि हे मान्य नसेल तर दिग्दर्शिकेचे नाव काढून दुसरीचे घालावे. त्यांनी वेळ मागितला, नंतर वाक्य ठेवले. भव्य संगीत मात्र घातलेच. त्या संगीताबद्दल मी येथे काही लिहीत नाही, कारण मला सभ्य भाषेत लिहायचे आहे.

माझ्या मुलाला मी माफ केले का, असे मला आता जो तो विचारतो. नाही. एका दुपारी बसलेला घसा म्हणजे सात वर्षे नव्हेत. अंपारोने त्याला रविवारी जेवायला यायची परवानगी दिली, तीही ‘अब्रिल म्हणाली म्हणून, माझं तुझ्याशी काही नाही,’ असे तोंडावर सांगून. आणि तो रविवारी जेवणाच्या बऱ्याच आधी येऊन पोचला, तर तिने त्याला फुटपाथवरच उभे केले. ‘‘वेळ झाली की ये,’’ म्हणाली. ‘‘लवकर येणं हीसुद्धा दुसऱ्याची वेळ खाणंच आहे.’’

मी वरच्या खिडकीतून पाहत होते. ऊन चांगलेच होते. अब्रिल स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत खाली घेऊन गेली आणि फुटपाथवर मांडून त्यावर स्वतः बसली. त्याला दिली नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला. ती बोलत होती, हातवारे करत, पिल्लांच्या उंचीचे माप दाखवत. तो ऐकत होता. मध्येच समोरच्या गल्लीतले एक पोर धावत आले, त्याने माझ्या मुलाची बाही ओढली आणि काहीतरी मागितले. काय ते मला काचेतूनही कळले. लेओबार्दोने त्याला हाताने थांबायला सांगितले आणि अब्रिलकडे बघत राहिला, कारण तिचे वाक्य अजून संपले नव्हते. पोर थोडे रेंगाळले आणि कंटाळून निघून गेले.

जेवणाची वेळ झाली. अंपारो सूप वाढत होती आणि दाराकडे जाण्याचे तिच्या मनात नव्हते, हे मला दिसत होते. तिने जाऊही नये. मी खाली उतरले, दार उघडले आणि त्याला सांगितले की बूट बाहेर काढ, हात धू, आणि भिंतीकडच्या जागेवर बस. टेबलाच्या मधली जागा अजून तुझी नाही.

‘‘हो, आई,’’ तो म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडायला खाली वाकला.